गर्दी कुठे आहे आणि ती कुणाची आहे: इंटरनेटच्या सीमेवरच्या विलंबाचं निदान



अनुमानाची उदाहरणं आपण बहुतेक वेळा ग्रंथांतून घेतो. डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी. त्या डोंगरावर आपल्यापैकी कुणी गेलेलं नसतं, आणि त्यामुळे अनुमान चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. आज मी जे उदाहरण घेणार आहे त्यात लाखो माणसांचे महिन्याचे पैसे गुंतलेले होते, मोठ्या कंपन्या एकमेकींवर बोट दाखवत होत्या आणि सरकारी नियामकाला काहीतरी ठरवायचं होतं. उदाहरण अमेरिकेतलं आहे, २०१३-१४ सालातलं. प्रश्न असा होता: संध्याकाळी घरोघरी नेटफ्लिक्सचा सिनेमा अडकतो, चित्र धूसर होतं, गोल गोल चक्र फिरत राहतं. हे कोणामुळे?

तत्त्वज्ञानाच्या मास्तराला राउटरशी काय करायचंय, असं तुम्हाला वाटेल. तांत्रिक बाजू मी थोडक्यातच सांगणार आहे, पण ती टाळता येणार नाही. कारण मला ज्या लिखाणाची समीक्षा करायची आहे, त्याचं बरंवाईट तपशिलातच आहे. कोणाला 'का?' म्हणून विचारलं, तर त्याने 'कुठे?' याचं उत्तर द्यावं आणि ऐकणाऱ्याने ते 'का'चं उत्तर समजून घरी जावं, हा प्रकार या वादात इतक्या वेळा घडला आहे की तर्कशास्त्राच्या वर्गात तो लावायला हरकत नाही.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. इंटरनेट हे एक जाळं नाही, हजारो जाळ्यांची जोडणी आहे. तुमच्या घरापर्यंत वायर आणणारी कंपनी वेगळी, सिनेमा ज्याच्या सर्व्हरवर आहे तो वेगळा, आणि दोघांच्या मध्ये माल वाहून नेणारी ट्रान्झिट कंपनी तिसरी. या कंपन्या मोठ्या शहरांतल्या काही इमारतींमध्ये एकमेकींच्या राउटरना केबल जोडतात. पैसे न घेता एकमेकींचा ट्रॅफिक घ्यायचा करार असेल तर त्याला पिअरिंग म्हणतात. ही केबल म्हणजे सीमा. एका बाजूचा पोर्ट एकीचा, दुसऱ्या बाजूचा दुसरीचा. केबल भरली तर पॅकेटं राउटरच्या बफरमध्ये रांग लावतात, बफरही भरला तर गळतात. रांगेत गेलेला वेळ म्हणजे विलंब, तंत्रज्ञांच्या भाषेत लेटन्सी.

सगळा विलंब रांगेचा नसतो, हे मात्र लक्षात ठेवा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हवाई अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास, तेव्हा जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद लागणारच. त्यात कोणाचा दोष नाही. केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात जास्तच लागतात. दोष शोधायचा तो या किमान वेळेच्या वर जे चढतं त्यात.

आता हे मोजायचं कसं? १९८३ च्या डिसेंबरात माइक म्युस यांनी 'पिंग' लिहिला. पाणबुडीचं सोनार जसं आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, तसा हा पॅकेट सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला ते सांगतो. मधल्या वाटेचं काही सांगत नाही. पुढे चारेक वर्षांनी व्हॅन जेकबसन यांनी 'ट्रेसराउट' लिहिला. त्याची युक्ती सुंदर आहे. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला 'तुझं पॅकेट इथे संपलं' असा निरोप धाडतो. हा आकडा मुद्दाम एक, दोन, तीन असा ठेवत गेलं की वाटेतला एकेक राउटर आपलं नाव सांगतो. मूळ सोय होती ती पॅकेट अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून. जेकबसन यांनी तिच्यातून नकाशा काढला.

आणि इथूनच वाईट अनुमानांची सुरुवात होते. ट्रेसराउटचा निकाल म्हणजे ओळींची एक यादी: पहिला राउटर, दुसरा, तिसरा, प्रत्येकापुढे मिलिसेकंदांचा आकडा. सातव्या ओळीत आकडा एकदम मोठा दिसला की माणूस म्हणतो, सातवा राउटर गुन्हेगार. सातवा राउटर ज्या कंपनीचा, ती कंपनी चोर.

हा निष्कर्ष किती तऱ्हांनी चुकू शकतो बघा. पहिली तऱ्हा. टोलनाक्यावर फास्टॅगच्या लेनमधून गाड्या भराभर निघून जातात. पण एखाद्याने गाडी बाजूला घेतली आणि मॅनेजरकडे सही-शिक्क्याची पावती मागितली, तर त्याला अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासावरून 'नाक्यावर वाहतूक तुंबली आहे' म्हणायचं का? राउटरचं तसंच आहे. पॅकेट पुढे ढकलण्याचं काम वेगळं हार्डवेअर झपाट्याने करतं. 'तुझं पॅकेट इथे संपलं' हा निरोप लिहिण्याचं काम मात्र एका साध्या प्रोसेसरकडे असतं, आणि त्याला त्याहून महत्त्वाची कामं असतात. निरोपाला झालेला उशीर हा वाटेतला उशीर नव्हे. खूण अशी की सातव्या ओळीत आकडा चढला पण आठव्या, नवव्या ओळीत परत उतरला, तर सातव्यावर रांग नव्हतीच. आपले नैयायिक धुक्याला धूर समजण्याचा दाखला देतात, तो हाच. हेतूच तिथे नाही, मग अनुमान कसलं?

दुसरी तऱ्हा अधिक गंभीर. ट्रेसराउट जाण्याची वाट दाखवतो, वेळ मात्र जाण्या-येण्याची मोजतो. येण्याची वाट निराळी असू शकते, आणि दोन कंपन्यांच्या सीमेवर ती बहुधा निराळीच असते. कारण दुसऱ्याचा ट्रॅफिक आपल्या जाळ्यातून जितक्या लवकर बाहेर काढता येईल तितका काढावा, अशीच प्रत्येक कंपनीची रीत असते. म्हणजे जाताना तुम्ही एका शहरात सीमा ओलांडता, येताना दुसऱ्याच. सातव्या ओळीपासून आकडा चढला आणि चढलेलाच राहिला, तरीही रांग कदाचित परतीच्या अशा वाटेवर असेल जी यादीत दिसतच नाही. मग एकाच टोकाकडून घेतलेला ट्रेसराउट म्हणजे एकाच पक्षाची साक्ष.

तिसरी तऱ्हा नुसती सांगून सोडतो. काही जाळ्यांच्या आत पॅकेटं लेबल लावलेल्या बोगद्यातून जातात, आणि मधल्या राउटरचा निरोप आधी बोगद्याच्या शेवटपर्यंत जाऊन मग मागे वळतो. तेव्हा सगळ्या मधल्या ओळींवर जवळपास एकच आकडा दिसतो, आणि नवखा माणूस पहिल्याच ओळीला दोषी ठरवतो. रिचर्ड स्टीनबर्गन यांनी २००९ साली उत्तर अमेरिकेतल्या नेटवर्कचालकांच्या मेळाव्यात ट्रेसराउट कसा वाचावा यावर एक सादरीकरण केलं होतं. त्यात या सगळ्या चुका मांडलेल्या आहेत. मिळालं तर जरूर वाचा. उपकरणाची बाजू घेत त्याच्या वाचकांना फटकारणारं असं लिखाण कमी असतं.

जाता जाता एक. माझं एक ऑनलाइन व्याख्यान मध्येच अडखळलं, म्हणून मी माझ्या पुरवठादाराच्या ग्राहक सेवेला फोन केला होता. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, आमच्या साइडने सगळं ओके दाखवतंय." मी विचारलं, "तुमची साइड कुठे संपते रे?" त्याच्या पडद्यावर या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याला दोष देत नाही, पण प्रश्न तोच आहे.

आता मुख्य विषयाकडे. २०१४ च्या ऑक्टोबरात मेजरमेंट लॅब या संशोधन-प्रकल्पाने, ज्याला एम-लॅब म्हणतात, एक अहवाल काढला. पुरवठादारांमधल्या जोडणीचा ग्राहकांच्या अनुभवावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. लोकांनी स्वतः केलेल्या वेगचाचण्यांचा प्रचंड साठा त्यांच्याकडे होता. त्यातून दिसलं ते असं. २०१३ च्या वसंतापासून २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत कोजेंट या ट्रान्झिट कंपनीच्या जाळ्यातल्या सर्व्हरकडून कॉमकास्ट, टाइम वॉर्नर केबल आणि व्हेरायझन यांच्या ग्राहकांना संध्याकाळच्या वेळी मिळणारा वेग कोसळत होता. नियामक तेव्हा ४ मेगाबिटला ब्रॉडबँड म्हणत असे, त्याच्याही खाली जात होता. पहाटे सगळं ठीक.

या अहवालाचं मला मनापासून कौतुक वाटतं ते त्याच्या तर्काच्या रचनेसाठी. तेच ग्राहक, तीच घरची कंपनी, पण सर्व्हर दुसऱ्या ट्रान्झिट कंपनीकडे असला की वेग चांगला. म्हणजे घरची कंपनी एकटी कारण नाही. तोच कोजेंट, तेच न्यूयॉर्क, पण ग्राहक केबलव्हिजनचा असला की वेग चांगला. म्हणजे कोजेंट एकटा कारण नाही. मग उरते ती जोडी. अन्वय आणि व्यतिरेक यांचा इतका स्वच्छ वापर मी तत्त्वज्ञानाच्या प्रबंधांतही क्वचित पाहिला आहे. शिवाय करार आमच्यासमोर नाहीत, म्हणून दोघांपैकी कोण जबाबदार ते आम्ही सांगत नाही, असंही अहवाल म्हणतो. हा संयम वादाच्या त्या काळात सोपा नव्हता.

तरीही तीन गोष्टी खटकतात. एक, 'जोडी' म्हणजे काय? दोन मोठ्या कंपन्यांमध्ये केबल एकच नसते, अनेक शहरांत अनेक असतात. काही भरलेल्या, काही रिकाम्या. अहवाल नातं पकडतो, केबल पकडत नाही. दोन, सर्व्हरची कंपनी आणि ग्राहकाची कंपनी थेट शेजारी आहेत, मध्ये तिसरं कोणी नाही, हे गृहीत धरलेलं आहे. त्या ठरावीक जोड्यांपुरतं ते चालून जातं. पण पुढे हीच रीत सरसकट वापरायला लोकांनी घेतली तेव्हा हे गृहीतक प्रत्येक वेळी तपासून घ्यायला हवं होतं. २०१७ साली काही संशोधकांनी नेमकी याच मुद्द्यावर या पद्धतीची मर्यादा दाखवून दिली.

तिसरी गोष्ट सर्वांत बोधक. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस वेग अचानक सुधारला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला नेटफ्लिक्स आणि कॉमकास्ट यांनी थेट जोडणीचा, पैसे देऊन, करार जाहीर केला होता. साहजिकच लोक म्हणाले: करार झाला, गर्दी हटली, वेग आला. आधी करार, नंतर सुधारणा. पण सुधारणा कॉमकास्टपुरती नव्हती. ज्यांच्याशी असा करार तेव्हा झालाच नव्हता, त्यांच्या ग्राहकांचे आकडेही सुधारले होते. हा व्यभिचार समोर होता, त्याच्याकडे बघितलं मात्र कमी जणांनी. अहवाल निघाल्यावर काही दिवसांनी, नोव्हेंबरमध्ये, कोजेंटने मान्य केलं की त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांनी भरलेल्या केबलींवर प्राधान्यक्रम लावला होता: किरकोळ ग्राहकांचा ट्रॅफिक आधी, घाऊक ग्राहकांचा मागे. नेटफ्लिक्ससारखे घाऊकात. आणि एम-लॅबचे मापनाचे सर्व्हर? ते किरकोळात. म्हणजे मोजणारं पॅकेट व्हीआयपी लेनमधून जात होतं आणि रांगेचा अंदाज देत होतं.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त उपाधीचं जे उदाहरण आहे ते इथे चपखल बसतं. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान दुष्ट आहे, कारण धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. 'गर्दी आहे म्हणजे मापनात विलंब दिसेलच, आणि दिसत नाही म्हणजे गर्दी नाही' या विधानात एक ओलं लाकूड दडलेलं आहे: मोजणारं पॅकेट बाकीच्या पॅकेटांच्याच रांगेत उभं असलं पाहिजे. ही अट कुणी उच्चारली नव्हती, कारण तेव्हा ती कुणाच्या ध्यानातच नव्हती. दोष एम-लॅबचा मी म्हणणार नाही. पण आकडा सुधारणं आणि स्थिती सुधारणं यांत जो पडदा असतो, तो इतका उघडा पडलेला फार वेळा दिसत नाही.

आता वकिली लिखाणाकडे येऊ, कारण तेही वाचण्याजोगं आहे. २०१४ च्या मे महिन्यात लेव्हल थ्री या ट्रान्झिट कंपनीच्या मार्क टेलर यांनी लिहिलं की त्यांच्या ५१ पिअर कंपन्यांपैकी ६ अशा आहेत जिथे जवळपास सगळ्या केबली कायम भरलेल्या आहेत, वर्षाहून जास्त काळ, आणि समोरचा क्षमता वाढवायला नकार देतो. सहापैकी पाच अमेरिकेतल्या, एक युरोपातली. जुलैमध्ये व्हेरायझनने आपली बाजू मांडली. लॉस एंजेलिसमधल्या एका ग्राहकाची तक्रार तपासली, आमच्या जाळ्यात आत कुठेही गर्दी नाही, गर्दी आहे ती सीमेवर, नेटफ्लिक्सने निवडलेल्या ट्रान्झिट कंपन्यांच्या दुव्यांवर. सोबत चित्र: आत सगळं हिरवं, सीमेवर लाल.

हे चित्र कुणीही आक्षेप न घेता मान्य करावं असं आहे, आणि गंमत तीच आहे. आठवड्याभरात टेलर यांनी उत्तर दिलं की व्हेरायझनने नकळत कबुलीच दिली आहे. आमच्या बाजूला जागा, तुमच्या बाजूला जागा, मधल्या चार पोर्टांवर मात्र नाही, तर पोर्ट वाढवा. पोर्टाचं कार्ड परवडत नसेल तर आम्ही घेऊन देतो, मधली केबलही देतो. दोघंही एकच वस्तुस्थिती सांगत होते! गर्दी कुठे आहे याबद्दल त्यांच्यात तसूभर मतभेद नव्हता. व्हेरायझनचं लिखाण मला या सगळ्यात सर्वांत कमजोर वाटतं. ते स्थान सिद्ध करतं आणि जबाबदारी सिद्ध झाल्याच्या थाटात थांबतं. 'सीमेवर' म्हणजे 'पलीकडच्याच्या अंगणात' असं त्याला सुचवायचं आहे, पण केबलला दोन टोकं असतात.

टेलर यांचं लिखाण चुरचुरीत आहे, म्हणून ते निर्मळ आहे असं समजू नका. ऑक्टोबर २००५ मध्ये याच लेव्हल थ्रीने कोजेंटशी असलेलं पिअरिंग तोडलं होतं, आणि काही दिवस दोन्हीकडच्या काही ग्राहकांना एकमेकांपर्यंत पोचताच येईना. कारण काय दिलं होतं? कोजेंट आमच्याकडे जितका ट्रॅफिक पाठवतो तितका घेत नाही, हा असमतोल आहे. २०१४ मध्ये असमतोलाची तीच तक्रार समोरचे करत होते, आणि लेव्हल थ्रीला ती गैर वाटत होती. व्हेरायझनने हे आठवण करून दिलंच. ग्राहकाने सिनेमा मागितला म्हणून तो आला, मग जास्त ट्रॅफिक 'पाठवला' कुणी आणि 'मागवला' कुणी? याचं उत्तर कोणत्याही मापनात नाही. कुंभाराचं गाढव दर वेळी माती आणतं, घडा होण्याआधी दर वेळी हजर असतं, तरी नैयायिक त्याला घड्याचं कारण म्हणत नाहीत, अन्यथासिद्ध म्हणतात. या वादात प्रत्येक पक्ष दुसऱ्याला कुंभार आणि स्वतःला गाढव ठरवत होता, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

या गदारोळात शांतपणे झालेलं काम सांगतो. मॅथ्यू लकी, अमोघ ढमढेरे, डेव्हिड क्लार्क, ब्रॅडली हफकर आणि केसी क्लॅफी यांचा २०१४ चाच एक निबंध आहे. कल्पना इतकी साधी की ती आधी का सुचली नाही असं वाटावं. सीमेवरच्या केबलीच्या अलीकडच्या राउटरला आणि पलीकडच्या राउटरला दर काही मिनिटांनी पॅकेट पाठवत राहायचं, आठवडेच्या आठवडे. अलीकडचा आलेख सपाट, आणि पलीकडचा मात्र रोज संध्याकाळी फुगतो, रात्री उतरतो, तर रांग त्या दोघांच्या मधल्या केबलीवर असण्याचा संभव मोठा. आकड्याचा आकार बघायचा नाही, लय बघायची. निरोप लिहायला प्रोसेसरला उशीर होतो, पण तो रोज संध्याकाळी सातला सुरू होऊन अकराला संपेल असा नसतो.

आणि लेखकांनी शीर्षकातच 'आव्हानं' हा शब्द घातला आहे, म्हणून मला हे लिखाण सर्वांत प्रामाणिक वाटतं. परतीची वाट दुसरीकडून गेली तर काय, हे त्यात आहे. सीमा नेमकी कुठे हे ठरवणंही अवघड. कारण केबलीच्या दोन्ही टोकांचे पत्ते एकाच कंपनीच्या साठ्यातून दिलेले असतात, त्यामुळे पलीकडचा राउटर कागदोपत्री अलीकडच्याचा वाटतो. म्हणजे दोष कुणाचा हे सोडाच, घर कुणाचं हेच आधी सिद्ध करावं लागतं. पुढे त्यांच्याच परंपरेतल्या २०१८ च्या निबंधात मार्च २०१६ ते डिसेंबर २०१७ या काळात अमेरिकेतल्या आठ मोठ्या कंपन्यांच्या सीमा तपासल्या गेल्या. सर्वत्र पसरलेली, कायमची गर्दी आढळली नाही. काही दुव्यांवर मात्र पुन्हा पुन्हा होणारी आढळली. ही बातमी फार कुणी छापली नाही.

मधल्या काळात काय झालं होतं? २०१५ च्या वसंतात लेव्हल थ्री, कोजेंट, व्हेरायझन, एटी अँड टी यांच्यात एकामागून एक जोडणीचे करार झाले. अटी अर्थातच गुप्त. ज्या गोष्टीवर दोन वर्षं आलेख काढले गेले, ती मिटली बंद खोलीत. त्याच वर्षी एटी अँड टीने डायरेक्टटीव्ही विकत घेतली तेव्हा नियामकाने एक अट घातली: सीमेवरच्या दुव्यांचा वापर, विलंब आणि पॅकेटांची गळती यांचे आकडे कंपनीने द्यायचे, आणि ते कसे मोजायचे हे स्वतंत्र तज्ज्ञाने ठरवायचं. म्हणजे बाहेर उभं राहून धुरावरून अग्नी ताडण्याऐवजी, निदान एका घरात, आत जाऊन चूल बघायची सोय झाली. ती अट एकाच कंपनीपुरती होती आणि मुदतीची होती.

तुमच्यापैकी काहींनी आपापल्या घरचे ट्रेसराउट मला पाठवले आहेत. त्यातले तीन पुढच्या वेळी पडद्यावर घेऊ. पाठवायचे असतील तर एक करा: सकाळी सहाचा एक आणि रात्री नऊचा एक, असे दोन पाठवा. आणि जमलं तर पलीकडच्या टोकाकडूनही एक मागवा.